दाखले बारावीतच काढा

अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी मुले सीईटीचा अभ्यास वर्षभर करतात, दाखले मात्र निकालानंतर आठवतात आणि हक्काची जागा हातची जाते. याचे फार वाईट वाटते. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी बारावीच्या सुरुवातीलाच महाविद्यालयामार्फत जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा. वडील, काका किंवा आत्याला वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर त्याची प्रत जरूर जोडावी. पडताळणीत तो भक्कम पुरावा ठरतो. ओबीसींनी नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदतही पाहावी.

एमएचटी-सीईटीत सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो, तेव्हा ती पुस्तके रद्दीत घालू नका. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण आहेत. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका.