पेशव्यांची सनद हेगच्या न्यायासनापुढे

परक्याच्या समुद्रातून वाट मागता येते काय? दोन खुल्या समुद्रभागांस जोडणाऱ्या सामुद्रधुनीतून शांततेच्या काळी युद्धनौकेसही निरुपद्रवी गमनाचा हक्क आहे, असा निर्णय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1949 साली कोर्फूच्या खटल्यात दिला. भूमीवरील वाटेचा तसाच वाद पुढे आपल्या अंगणात उभा राहिला.

1954 साली दादरा व नगर हवेली मुक्त झाली. दमण बंदराहून तेथे जाण्याची वाट हिंदुस्थानने बंद ठेवली, तेव्हा डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगालने हेगला धाव घेतली. आधार कोणता? पेशव्यांशी झालेला 1779 चा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा! न्यायालयाने अर्थ लावला की, मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे वसुलाचा हक्क, राज्य नव्हे. पोर्तुगालची सत्ता मान्य केली ती पुढे इंग्रजांनी.

12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. प्रजाजन, मुलकी अधिकारी व माल ह्यांस वहिवाटीने वाट होती, तीही हिंदुस्थानच्या नियंत्रणाखाली. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे ह्यांस नव्हती. हिंदुस्थानकडून कर्तव्यभंग झाला नव्हता. समुद्रावर युद्धनौकेस जे मिळाले, ते भूमीवर सैन्यास मिळाले नाही.

सनदेतील एका शब्दाचा अर्थ पावणेदोनशे वर्षांनी राष्ट्रांच्या वादात तोलला गेला. घरातील जुनी दप्तरे वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वी सुज्ञांनी एवढे ध्यानी धरावे.