खांबावरच्या रेडिओचा कारभार

वायरलेस ब्रॉडबँड रेडिओ म्हणजे खांबावर, टॉवरवर किंवा कारखान्याच्या छतावर बसवलेले हवाबंद खोके. त्यातून इंटरनेट किंवा कंपनीचे अंतर्गत नेटवर्क हवेतून काही किलोमीटर नेता येते. टॉवरवरचा ॲक्सेस पॉइंट मध्यवर्ती असतो आणि ग्राहकांच्या छतांवरचे सबस्क्रायबर मॉड्यूल त्याच्याकडे तोंड करून बसवलेले असतात. मोटोरोलाची कॅनॉपी ही या घाटाची जुनी आणि प्रसिद्ध मालिका. २०११मध्ये तो व्यवसाय केंबियम नेटवर्क्स या वेगळ्या कंपनीकडे गेला.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात अशा रेडिओंना वाव मोठा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२मध्ये स्थापन झाले. त्याच्या वसाहतींतून पिंपरी-भोसरीत रुजलेली कारखानदारी पुढे इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात पसरली आणि २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. अशा मोठ्या कारखान्यांच्या दारात फायबर पोचते. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या भागांत भाड्याच्या शेडमध्ये सुटे भाग बनवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्यापर्यंत केबल आली, तरी रस्ता खोदणाऱ्या जेसीबीच्या तावडीतून ती सुटेलच असे नाही. एकाच कंपनीच्या आवारातही मुख्य गेट, वजनकाटा, गाड्यांचे यार्ड आणि कॅमेरे जोडायला चर खणण्यापेक्षा दोन रेडिओ समोरासमोर लावणे स्वस्त पडते.

ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाले. त्यामुळे रेडिओ लावणे सोपे झाले. पण परवाना नसलेली हवा सगळ्यांचीच असते. शेजारच्या छतावर कोणीही तसाच रेडिओ बसवू शकतो आणि आपल्या लहरी पकडण्याचा प्रयत्न करू शकतो. म्हणून सिग्नलची पातळी चांगली आली, स्पीड टेस्ट झाली, की काम संपले हा समज धोक्याचा आहे. त्या क्षणी फक्त अँटेनाचे काम संपलेले असते.

नव्या रेडिओचा पत्ता आणि पासवर्ड निर्मात्याने छापलेल्या पुस्तिकेत असतात, म्हणजे जगाला ठाऊक असतात. कॅनॉपीचा मूळ पत्ता १६९.२५४.१.१. युबिक्विटी या दुसऱ्या निर्मात्याच्या जुन्या रेडिओंत वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही एकच, ‘यूबीएनटी’. पहिले काम हे बदलण्याचे. दुसरे काम अधिकार वाटण्याचे: छतावर चढणाऱ्या तंत्रज्ञाला अँटेना रोखण्यापुरते खाते, देखरेख करणाऱ्याला फक्त पाहण्यापुरते आणि सगळे बदल करू शकणारे खाते मोजक्यांकडे. प्रत्यक्षात ठेकेदाराची सगळी माणसे सगळ्या साइटवर एकच पासवर्ड वापरतात. त्यातला एक जण नोकरी सोडून गेला, की तो पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

खरा कस लागतो तो व्यवस्थापनाच्या वाटेवर. रेडिओतून ग्राहकाचा डेटा जातो आणि त्याच रेडिओची सेटिंग पाहण्याची वाटही तिथूनच जाते. या दोन वाटा वेगळ्या केल्या नाहीत, तर ग्राहकाच्या शेडमधल्या कोणत्याही संगणकावरून रेडिओचे लॉगिन पान उघडते. त्यावर उपाय व्हीलॅनचा, म्हणजे एकाच जोडणीत क्रमांक देऊन वेगळ्या केलेल्या आभासी नेटवर्कचा. व्यवस्थापनासाठी वेगळा क्रमांक द्यायचा, तो ग्राहकाच्या पोर्टपर्यंत जाऊ द्यायचा नाही. कॅनॉपीत याच्या जोडीला ठरावीक आयपी पत्त्यांवरूनच प्रवेश देण्याची सोय आहे. आणखी एक सेटिंग सबस्क्रायबर मॉड्यूलना एकमेकांपासून तोडते. एकाच ॲक्सेस पॉइंटवर दोन स्पर्धक पुरवठादार असतील, एकाच गाडीच्या एकाच भागासाठी दर भरणारे, तर या सेटिंगचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. टेलनेट बंद करून एसएसएच ठेवणे आणि साध्या एचटीटीपीऐवजी एचटीटीपीएस वापरणे ही त्यापुढची कामे. ती मिनिटभराची आहेत आणि बहुधा राहून जातात.

दूरवरून रेडिओंची तब्येत पाहण्यासाठी एसएनएमपी वापरतात. सिग्नल, चढलेले तापमान, तुटलेली लिंक, सगळे त्यातून कळते. त्याच्या पहिल्या दोन पिढ्यांत ओळख पटते ती ‘कम्युनिटी’ नावाच्या शब्दावर. तो शब्द मूळचा ‘पब्लिक’ असतो आणि उघडाच प्रवास करतो. फक्त वाचण्याची मुभा असेल तर नुकसान मर्यादित. लिहिण्याची मुभा असेल तर तो शब्द म्हणजे पासवर्डच. तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवणे आणि कूटलेखन दोन्ही आहेत. रेडिओ ती चालवू शकत असेल, तर जुनीला चिकटून राहण्याचे कारण उरत नाही.

हवेतल्या डेटाचे कूटलेखन ही स्वतंत्र सेटिंग आहे. जुन्या कॅनॉपीत डीईएस आणि एईएस असे दोन प्रकार येत. डीईएस १९९८मध्येच तीन दिवसांच्या आत फोडून दाखवले गेले होते, तेव्हा निवड एईएसचीच. कॅनॉपीतला ‘कलर कोड’ अनेकांना सुरक्षेचा आकडा वाटतो. तो नुसती गटाची खूण आहे. ० ते २५४ मधला आकडा कोणीही एकेक करून लावून पाहू शकतो.

घड्याळाची सेटिंग क्षुल्लक वाटते. बहुतेक रेडिओंत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की ते भलत्याच तारखेपासून उठतात आणि नोंदी निरुपयोगी होतात. एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने घड्याळे वेळ पुरवणाऱ्या अधिकृत एनटीपी सर्व्हरशी जुळवणे, नोंदी १८० दिवस राखणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले. रेडिओच्या आत जागा थोडी, म्हणून नोंदी बाहेरच्या सिसलॉग सर्व्हरवर पाठवाव्या लागतात.

फर्मवेअर जुने ठेवण्याची किंमत दोन प्रसंगांनी दाखवली. मे २०१६मध्ये एक वर्म युबिक्विटीच्या रेडिओंतून पसरला. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती २०१५मध्येच निघाली होती. २०१८मध्ये लाटव्हियाच्या मायक्रोटिकने आपल्या राउटरमधल्या त्रुटीची दुरुस्ती एप्रिलमध्ये दिली, तरी काही महिन्यांनी न सुधारलेली लाखो राउटर दुसऱ्यासाठी आभासी चलन खणण्याच्या कामाला जुंपलेली सापडली. पिंपरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. अपग्रेडला त्याहून चांगला दिवस नाही.

बदल करण्याचा क्रम मात्र पाळावाच लागतो: आधी लांबचा रेडिओ, मग जवळचा. जवळच्याचा व्हीलॅन किंवा कूटलेखनाची चावी आधी बदलली, तर पलीकडचा हाताबाहेर जातो आणि शिडी घेऊन निघावे लागते. मायक्रोटिकच्या ‘सेफ मोड’मध्ये संपर्क तुटला की केलेले बदल आपोआप मागे फिरतात. असा आधार असेल तो वापरावा, आणि त्याआधी चालू सेटिंगची फाइल उतरवून घ्यावी.

पासवर्ड हरवला तर कॅनॉपीला एक छोटा प्लग लावून मूळ पत्त्यावर आत शिरता येते. ही सोय प्रामाणिक तंत्रज्ञाला जितकी, तितकीच खांबावर चढणाऱ्या दुसऱ्या कोणालाही. म्हणून उघड्या जागी बसवलेल्या रेडिओत प्लग लावताच सगळी सेटिंग पुसली जातील, असा पर्याय निवडता येतो. लिंक मग बंद पडते, पण चाव्या हाती लागत नाहीत. फायबर आल्यावर उतरवलेला रेडिओ भंगारात किंवा दुसऱ्या साइटवर जातो, तेव्हा त्यातही कूटलेखनाची चावी, एसएनएमपीचे शब्द आणि नेटवर्कचे पत्ते तसेच असतात. तो हातातून जाऊ देण्यापूर्वी फॅक्टरी रीसेट करायचा आणि त्याची नोंद मध्यवर्ती यादीतून काढायची.