भयकथेकडून लघुपटाकडे : विद्यार्थ्याच्या पहिल्या भयपटाची संहिता

पटकथालेखन हा विषय वाङ्मयाच्या काही अभ्यासक्रमांत आता स्थिरावला आहे. लघुपट करणे हेही साधनांच्या दृष्टीने पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही. अशा वेळी पहिलाच लघुपट करणारा विद्यार्थी पुष्कळदा भयकथेकडे वळतो. पात्रे थोडी, स्थळ एक आणि परिणाम तीव्र, अशी त्यामागील अपेक्षा असते. परंतु कागदावर अंगावर काटा आणणारी कथा पडद्यावर निष्प्रभ ठरते, असा अनुभव वारंवार येतो. हे अपयश साधनांच्या अभावाचे नसून बहुधा संहितेच्या आकलनाचे असते. कथेतील भय नेमके कोठे वसलेले आहे, हा प्रश्न विचारलाच गेलेला नसतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मानसिक भयाच्या लघुपटापुरता करावयाचा आहे.

१. भयाचा आश्रय

मराठी भयकथेचे दोन प्रवाह स्थूलमानाने सांगता येतात. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या अनेक कथांत अमंगल शक्ती माणसाच्या बाहेर असते. ती घरात, वस्तूत वा जागेत दबा धरून असते. म्हणूनच त्यांच्या ‘समर्थ’ या पात्राला तिचा प्रतिकार करता येतो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेत मात्र भुतापेक्षा माणसाच्या मनातील विकृती, वासना व अपराधभाव यांना अधिक महत्त्व असल्याचे दिसते. पहिल्या प्रकारात भयाचे कारण घालविता येते. दुसऱ्या प्रकारात ते भोगणाऱ्यातच असल्यामुळे कोणीही समर्थ येऊन सुटका करू शकत नाही.

हा भेद आपल्या काव्यशास्त्राला सर्वस्वी अपरिचित नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्याजातून म्हणजे बतावणीतून येणारा, अपराधातून येणारा आणि वित्रासितक, म्हणजे प्रत्यक्ष त्रासातून उद्भवणारा. यांपैकी अपराधजन्य भयाची आजच्या मानसिक भयपटाशी जवळीक स्पष्ट आहे. ज्याने काही केले आहे, किंवा करावयास हवे होते ते केलेले नाही, त्याला रिकामी खोली रिकामी वाटत नाही. विद्यार्थ्याने प्रथम शोधावयाचे ते भूत नव्हे; पात्राचा अपराध किंवा त्याची दडपलेली लाज शोधावयाची.

२. शब्दांतील संदिग्धता आणि कॅमेऱ्याची साक्ष

त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्भुताचे मर्म वाचकाच्या दोलायमानतेत आहे असे प्रतिपादन केले. घडले ते खरेच अलौकिक, की भ्रम? या दोन उत्तरांमध्ये वाचक जोवर घुटमळतो तोवरच तो अनुभव टिकतो. लिखित कथेत ही दोलायमानता भाषेनेच साधते. ‘त्याला वाटले’, ‘जणू’, ‘भास झाला’ अशा शब्दांनी लेखक विधान करतो आणि त्याच वेळी त्याची जबाबदारी निवेदकावर टाकतो.

चित्रपटाच्या भाषेत ‘जणू’ला समानार्थी शब्द नाही. कॅमेऱ्याने दाखविलेली आकृती प्रेक्षकाच्या लेखी असतेच. दारात उभी असलेली स्त्री एकदा स्पष्ट दिसली की शंका संपते, आणि शंकेबरोबर भयही ओसरते. या अडचणीवर नवखा दिग्दर्शक दोन उपाय योजतो. एक, पात्राचे मनोगत पार्श्वनिवेदनात घालणे; दुसरा, एकाएकी मोठा आवाज करून दचकविणे. पहिल्याने चित्रपट सचित्र कथावाचन बनतो. दुसऱ्याने प्रेक्षक दचकतो खरा, पण दचकणे ही क्षणिक शारीर प्रतिक्रिया होय. भय तिच्या आधीही असते आणि नंतरही उरते.

यावरील वाट पुन्हा रसविचारातच सापडते. विभाव म्हणजे भयाचे कारण, अनुभाव म्हणजे त्याची शरीरावर उमटलेली खूण. हातापायांचा कंप, नजरेची चंचलता, रोमांच, मुखाचा पालटलेला वर्ण, स्वरभेद हे भरताने सांगितलेले अनुभाव कॅमेरा निःसंदिग्धपणे टिपू शकतो. तेव्हा पाहिलेली वस्तू झाकून पाहणारा माणूस दाखवावा. विभाव संदिग्ध आणि अनुभाव स्पष्ट, हे मानसिक भयपटाचे पहिले सूत्र म्हणता येईल.

३. एक उदाहरण : डेव्हिड लिंच

अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच (१९४६–२०२५) याचे विद्यार्थिदशेतील व त्यालगतचे लघुपट या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. तो मूळचा चित्रकार. फिलाडेल्फियाच्या ललित कला अकादमीत शिकत असता १९६७ मध्ये त्याने ‘सिक्स मेन गेटिंग सिक’ हे सुमारे एक मिनिटाचे चलच्चित्र केले. शिल्पित मुखे असलेल्या पडद्यावर ते भोंग्याच्या आवाजासह पुनःपुन्हा दाखविले जाई. येथे कथा नाही. न संपणाऱ्या आवर्तनातूनच अस्वस्थता निर्माण होते.

‘दि अल्फाबेट’ (१९६८) हा सुमारे चार मिनिटांचा. पत्नीच्या लहानग्या भाचीने झोपेत, दुःस्वप्नाच्या भरात मुळाक्षरे घोकल्याची हकीकत त्याच्या कानी आली आणि तेवढ्यावर हा लघुपट उभा राहिला. काळोखी खोली, पांढरा पलंग, पांढऱ्याफटक चेहऱ्याची मुलगी आणि अक्षरे, एवढाच संसार. मुलीची भूमिका पत्नीनेच केली. आपल्या तान्ह्या मुलीचे रडणे त्याने बिघडलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रावर मुद्रित केले, आणि त्यातून उमटलेला विकृत ध्वनी टाकून न देता वापरला. शिकण्याची सक्ती ही सर्वांच्या ओळखीची गोष्ट येथे भयाचा विषय झाली आहे. फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात परिचिताचेच अपरिचित होणे भयाच्या मुळाशी असल्याचे मांडले होते. त्याचे याहून नेटके उदाहरण क्वचितच मिळेल.

‘दि ग्रँडमदर’ (१९७०) हा अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या अनुदानातून झालेला ३४ मिनिटांचा लघुपट. अंथरूण ओले केल्याबद्दल बापाकडून शिक्षा भोगणारा मुलगा बी पेरून स्वतःसाठी आजी उगवितो, असे त्याचे सूत्र. चित्रीकरणासाठी लिंचने राहत्या घराच्या भिंती काळ्या रंगविल्या. अर्थपूर्ण संवाद जवळजवळ नाहीत. ध्वनिसंयोजक ॲलन स्प्लेट याच्यासह आवाज रचण्यात कित्येक आठवडे गेले. प्रतिध्वनीचे यंत्र नव्हते. लांब ॲल्युमिनियमच्या नळीतून आवाज सोडून तो परिणाम साधला गेला.

या उदाहरणांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. भयाचे बीज दरवेळी घरगुती आणि नेमके आहे. तसेच, दृश्य दरिद्री असले तरी ध्वनी दरिद्री नाही. भरताने भयानकाचे विभाव सांगताना ‘विकृतरव’, म्हणजे विकृत ध्वनी, सर्वांत आधी घेतला आहे आणि ‘शून्यागार’, म्हणजे ओसाड घर, त्याच यादीत ठेवले आहे, हे येथे मुद्दाम नोंदविण्यासारखे आहे. विद्यार्थ्याच्या आवाक्यातील सामग्री नेमकी हीच होय.

४. संहितेची घडण

एक काल्पनिक कथासूत्र घेऊ. जुन्या वाड्यात एकटी राहणारी सून. सासूच्या अखेरच्या आजारात तिने मागितलेले पाणी हिने एकदा दिले नव्हते. कथेत लेखक लिहील : रात्री तिला जात्याची घरघर ऐकू आली आणि सासूबाईच दळत बसल्या आहेत असे वाटले. पटकथेत ‘वाटले’ या क्रियापदाला जागा नाही. दिसते आणि ऐकू येते तेवढेच तेथे लिहिता येते.

म्हणून घरघर प्रथम भर दुपारी ऐकवावी. गल्लीतील पिठाच्या गिरणीची, निरुपद्रवी. मग गिरणीचे दार बंद होताना दाखवावे. रात्री तोच आवाज पुन्हा येतो. ती उठते. जाते स्थिर आहे, पाळीत पिठाचा कण नाही. सकाळी ती स्वतःसाठी पाणी घेते, क्षणभर थांबते, आणि दुसरा तांब्या भरून रिकाम्या खोलीतील खाटेशी ठेवते. कोणतीही आकृती न दाखविता, एकही वाक्य न उच्चारता तिचा अपराध प्रेक्षकाच्या हाती येतो. आवाज खरा की मनातला, हे ठरत नाही. दुसऱ्या सकाळी तांब्या रिकामा दाखवावा काय? तसे केल्यास कथा अलौकिकाकडे झुकेल; भरलेला दाखविल्यास भ्रमाकडे. तो न दाखविणे हेच येथे उचित.

शेवटाविषयीही हेच म्हणता येईल. स्वप्नातून जाग येणे किंवा डॉक्टरने रोगाचे नाव सांगणे या दोन्ही शेवटांनी तोवर राखलेली दोलायमानता एका फटक्यात निकालात निघते. शिवाय रोगाचे नाव घेण्यात आणखी एक धोका आहे. मनोरुग्ण माणूस हेच भूत ठरते आणि आधीच उपेक्षित असलेल्यांवर भयाचे ओझे लादले जाते. मानसिक भयपटाचा विषय रुग्ण नसून मन हा आहे. आणि ते प्रेक्षकापाशीही असतेच.

५. समारोप

भय कथेत कोठे वसले आहे याचा शोध ही मुळात वाङ्मयीन कृती आहे. निवेदकाच्या भाषेत जे लपले आहे ते कृतीत, वस्तूत आणि ध्वनीत कसे उतरेल, हे पाहताना विद्यार्थ्याला मूळ कथेचेच अधिक सूक्ष्म वाचन करावे लागते. त्यामुळे असा लघुपट यशस्वी झाला नाही तरी त्यामागील अभ्यास वाया जात नाही. पहिल्या भयपटासाठी एक पात्र, एक जागा, एक अपराध आणि एक आवाज एवढी सामग्री पुरेशी आहे. तीत भर घालण्यापूर्वी, असलेल्यांपैकी प्रत्येक गोष्ट भयाचे कोणते काम करते, याचे उत्तर संहितेतच मिळावयास हवे.