संशयाची चाल
एलिस्टा, २००६ : बुद्धिबळ विश्वविजेतेपदाच्या लढतीत प्रतिस्पर्धी टोपालोवच्या गोटाची तक्रार, व्लादिमिर क्रॅमनिक स्वच्छतागृहात फार वेळा जातात; रोख लबाडीकडे. आयोजकांनी खासगी स्वच्छतागृहाला कुलूप ठोकले. पाचव्या डावाला क्रॅमनिक पटाशी आलेच नाहीत. घड्याळ चालत राहिले, डाव गेला. लढत मात्र त्यांनीच जिंकली.

सेंट लुईस, २०२२ : १९ वर्षांच्या हान्स नीमनने काळ्या मोहऱ्यांनी विश्वविजेत्या मॅग्नस कार्लसनला हरवले. दुसऱ्याच दिवशी कार्लसनने स्पर्धा सोडली आणि नीमनवर लबाडीचा संशय आला. नीमनने लहानपणी ऑनलाइन डावांत लबाडी केल्याची कबुली दिली. समोरासमोरच्या डावांत मात्र काहीच सिद्ध झाले नाही. नीमनचा कार्लसन आणि इतरांविरुद्धचा १० कोटी डॉलरचा दावा २०२३मध्ये तडजोडीत मिटला. सबळ कारणाविना स्पर्धा सोडल्याबद्दल जागतिक बुद्धिबळ संघटना ‘फिडे’ने कार्लसनला १० हजार युरो दंड केला.

ऑनलाइन, २०२४-२५ : एकेकाळी आरोप झेललेले क्रॅमनिक आता आरोप करणाऱ्यांत. अमेरिकी ग्रँडमास्टर डॅनियल नारोदित्स्की यांच्यावर त्यांनी लबाडीचा वारंवार जाहीर संशय घेतला. नारोदित्स्की तो नाकारत राहिले. ऑक्टोबर २०२५मध्ये २९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर ‘फिडे’ने क्रॅमनिक यांच्या वक्तव्यांचे प्रकरण आपल्या नीतिमत्ता आयोगाकडे नेले.