वटवाघळांची वाट आणि पवनचक्क्यांची पाती

उत्तर अमेरिकेतील पवनऊर्जा प्रकल्पांच्या परिसरात मृत्युमुखी पडणाऱ्या वटवाघळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वटवाघळे केवळ तीन जातींची असतात. या तिन्ही जाती झाडांच्या आश्रयाने राहणाऱ्या आणि ऋतुमानानुसार लांबचे स्थलांतर करणाऱ्या आहेत. त्यांतही सर्वाधिक बळी जातात ते ‘होरी बॅट’ या जातीचे. वीस ते पस्तीस ग्रॅम वजनाचे, पंख पसरल्यावर सुमारे चाळीस सेंटिमीटर भरणारे आणि तपकिरी केसांची टोके पांढरी असलेले हे वटवाघूळ पानांच्या आडोशाला एकटेच लटकून दिवस काढते. गुहेत हजारोंच्या वसाहती करणाऱ्या जातींची निदान ढोबळ मोजदाद करता येते. विखरून राहणाऱ्या आणि दर ऋतूत मुक्काम हलवणाऱ्या या जातीची ती सोय नाही. त्यामुळे ती कोठे, केव्हा आणि कोणत्या वाटेने जाते याचा नकाशा तयार करणे हेच मुळात आव्हान ठरले.

या नकाशाची पहिली भक्कम रूपरेषा संग्रहालयांच्या कपाटांतून मिळाली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञ पॉल क्रायन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांची स्थळे व तारखा महिनावार मांडल्या. नमुना गोळा करणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी चिठ्ठीवर लिहून ठेवलेली तारीख अशा प्रकारे उपयोगी पडावी, हे संग्रहालयांच्या बाजूने केलेल्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा बोलके आहे. या मांडणीतून असे दिसले की, हिवाळ्यात ही वटवाघळे कॅलिफोर्निया व मेक्सिकोच्या दिशेला एकवटतात आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे खंडभर पांगतात. एवढेच नव्हे, तर उन्हाळ्यात नर प्रामुख्याने पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात आणि माद्या पूर्वेकडे आढळतात.

मात्र संग्रहालयातील नोंदींवरून एखादे विशिष्ट वटवाघूळ कोठून कोठे गेले हे समजत नाही. त्यासाठी त्याच्याच अंगावरचा केस कामी येतो. निसर्गात साध्या हायड्रोजनबरोबर ड्युटेरियम हा त्याचा जड प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो. समुद्राकडून आलेले ढग खंडाच्या आत आणि उत्तरेकडे सरकतात, तसतसे जड पाणी आधी बरसून जाते, आणि पुढच्या पावसात ड्युटेरियमचे प्रमाण घटत जाते. हे पाणी वनस्पतींत, वनस्पतींवर जगणाऱ्या कीटकांत आणि कीटक खाणाऱ्या वटवाघळात उतरते. वटवाघळाची जुनी लव गळून नवी येण्याचा काळ बहुधा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे स्थलांतरापूर्वी येतो, आणि एकदा वाढलेल्या केसाची रासायनिक घडण नंतर बदलत नाही. म्हणून शरद ऋतूत पवनचक्कीखाली सापडलेल्या मृत वटवाघळाची चिमूटभर लव कापून प्रयोगशाळेत तपासली, की त्याने उन्हाळा कोणत्या पट्ट्यात काढला याचा अंदाज बांधता येतो. हे उत्तर गावाचे नाव सांगण्याइतके नेमके नसते, शेकडो किलोमीटर रुंदीचा पट्टा तेवढा दाखवते. पण हाती काहीच नसताना तेही मोलाचे ठरते.

याच पद्धतीने जर्मनीत ख्रिस्टियान फोग्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेला निष्कर्ष धोरणकर्त्यांना अडचणीचा वाटावा असा आहे. पूर्व जर्मनीत पवनचक्क्यांखाली मेलेल्या नथुसियस पिपिस्ट्रेल या जातीच्या वटवाघळांचे मूळ एस्टोनिया किंवा रशियाच्या प्रदेशात असल्याचे केसांवरून दिसले. जेमतेम सहा ते दहा ग्रॅम वजनाच्या या जातीची झेप वलयांकनातूनही सिद्ध झाली आहे. वलयांकन म्हणजे पकडलेल्या प्राण्याला क्रमांकाचे हलके कडे घालून सोडणे. रशियाच्या व्होलोग्दा प्रांतात कडे घातलेले एक वटवाघूळ फ्रान्समधील आल्प्सच्या परिसरात सापडले, तेव्हा दोन्ही ठिकाणांमधील अंतर २,४८६ किलोमीटर भरले. प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालात सभोवतालच्या काही किलोमीटरांतील वटवाघळांच्या निवाऱ्यांची पाहणी केली जाते. प्रत्यक्षात त्या प्रकल्पाचा परिणाम काही देश ओलांडून पलीकडच्या जंगलावर होत असतो.

शिवाय जमिनीवर ठिपके मांडून काढलेल्या नकाशात उंची आणि वेळ नसते, आणि धोका नेमका तेथेच असतो. उत्तर अमेरिकेतील बहुतेक मृत्यू जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात, स्थलांतर सुरू असताना, मंद वाऱ्याच्या रात्री होतात. क्रायन यांच्याच गटाने इंडियानात उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात असे आढळले की, वटवाघळे योगायोगाने पात्यांच्या वाटेत येत नाहीत, तर वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने मनोऱ्याकडे मुद्दाम येतात. पाती थांबलेली किंवा संथ फिरत असताना ही ये-जा अधिक असते. उंच झाडाभोवती हवेचे प्रवाह जसे वळतात, तसेच ते मनोऱ्याभोवतीही वळत असल्याने वटवाघळे त्याला झाड समजत असावीत, असा एक तर्क आहे.

नकाशातील उंची आणि वेळेची ही उणीव ध्वनिमापक यंत्रांनी भरून निघेल असे वाटते, पण तेथेही मर्यादा आहेत. वटवाघळांचे श्रवणातीत, म्हणजे माणसाच्या कानाच्या कक्षेबाहेरचे, ध्वनी हवेत झपाट्याने विरतात; मनोऱ्याच्या माथ्यावर बसवलेल्या यंत्राला साठ-सत्तर मीटर लांबीच्या पात्याच्या टोकाशी उडणारे वटवाघूळ अनेकदा ऐकूच येत नाही. त्यात होरी बॅट काही वेळा अतिशय क्षीण आवाज काढत किंवा जवळजवळ नि:शब्द उडते, असे २०१८ मधील संशोधनातून दिसून आले. म्हणजे नोंद नाही याचा अर्थ वटवाघूळ नाही, असा लावता येत नाही.

मृतांची मोजणीही सोपी नसते. पवनचक्कीखाली ठराविक रांगांत चालत मृतदेह शोधले जातात, काही ठिकाणी प्रशिक्षित कुत्र्यांची मदत घेतली जाते, आणि कोल्ह्या-कावळ्यांनी पळवलेले व गवतात नजरेतून सुटलेले मृतदेह हिशेबात धरून संख्या वाढवली जाते. मृत्यूच्या कारणाविषयीही मतभेद झाले. पात्याजवळ हवेचा दाब अचानक घटल्याने फुफ्फुसे फुटून मृत्यू येतो, हे २००८ मध्ये कॅनडातील अल्बर्टामधून मांडले गेलेले मत पुष्कळ गाजले. पुढील अभ्यासांनी मात्र थेट आघातालाच प्रमुख कारण मानले आहे. भारतात गुजरातमधील कच्छ जिल्ह्यातून पवनचक्क्यांमुळे वटवाघळे मेल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी घटून सरड्यांची संख्या वाढल्याचे २०१८ मधील अभ्यासाने दाखवले खरे, पण ती पाहणी दिवसाउजेडी वावरणाऱ्या प्राण्यांची होती.

वटवाघळांची ही हानी भरून निघणे अवघड असते, कारण त्यांची मादी वर्षाला एक किंवा दोनच पिले देते. अल्पायुषी उंदरांची घटलेली संख्या जशी लवकर सावरते, तशी वटवाघळांची एका हंगामात सावरत नाही. होरी बॅटची संख्या येत्या पन्नास वर्षांत नव्वद टक्क्यांपर्यंत घसरू शकते, असा इशारा २०१७ मध्ये विनिफ्रेड फ्रिक व सहकाऱ्यांनी गणिती प्रतिमानाच्या आधारे दिला.

उपाय मात्र आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला तीन ते चार मीटर झाला की पवनचक्की वीज निर्माण करू लागते. स्थलांतराच्या हंगामात रात्रीपुरती ही मर्यादा वाढवायची आणि तोवर पाती वाऱ्याला समांतर वळवून जवळजवळ स्थिर ठेवायची, एवढेच करावे लागते. पेनसिल्व्हेनियातील कॅसलमन प्रकल्पावर २००८ आणि २००९ मध्ये हा प्रयोग झाला, तेव्हा मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले आणि वार्षिक विजेतील तूट एका टक्क्याहूनही कमी राहिली. मंद वाऱ्यात वीज मुळातच थोडी मिळते, हे त्यामागचे कारण. म्हणूनच पवनऊर्जा की वटवाघळे असा वाद घालणे निरर्थक आहे. खरा प्रश्न कोणत्या रात्री थांबायचे हा आहे, आणि नकाशाची गरज तेथे पुन्हा लागते. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी नॉक्ट्यूल जातीच्या ७१ मादी वटवाघळांच्या पाठीवर चिमुकली यंत्रे बसवून २०२५ मध्ये दाखवले की, वसंतात या माद्या वादळापूर्वीच्या उबदार वाऱ्यावर स्वार होऊन एका रात्रीत सुमारे ३८० किलोमीटरपर्यंत मजल मारतात. हवामानाच्या अंदाजावरून अशा रात्री आधी ओळखता आल्या, तर सरसकट बंदीऐवजी मोजक्या रात्री पाती थांबवणे पुरेल.

युरोपात वटवाघळांच्या रक्षणासाठी १९९१ मध्ये झालेल्या ‘युरोबॅट्स’ करारांतर्गत पवनऊर्जा प्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना तयार झाल्या आहेत. जर्मनीत नव्या प्रकल्पांना परवाना देताना पाती थांबवण्याची अट घालण्याची पद्धत रूढ झाली असली, तरी त्याआधी उभारलेल्या पवनचक्क्यांपैकी बहुतांश पवनचक्क्या अशा अटीविना चालतात. परवान्याचा निर्णय स्थानिक प्रशासन घेते, आणि एस्टोनियाच्या किंवा रशियाच्या वनखात्याला त्या निर्णयप्रक्रियेत स्थान नाही.