गाडी तापते, पण पंखा फिरत नाही!

आपल्या वस्त्यांतून टॅक्सी, टूरिस्ट गाडी किंवा शाळेची व्हॅन चालवून संसार करणारी घरे आता बरीच झाली आहेत. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते, आणि गाडी गॅरेजात उभी आहे म्हणून हप्त्याची तारीख काही पुढे सरकत नाही. म्हणून या वेळी घरच्या पानावर आम्ही रेडिएटरच्या पंख्याचा विषय घेतला आहे. भगिनींनीही तो वाचावा. गाडीच्या कागदावर नाव कोणाचेही असो, हप्ता जातो तो घराच्याच डब्यातून.

जुन्या मंडळींना पद्मिनी आठवत असेल. तिचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. इंजिन चालू तर पंखा चालू, आणि पट्टा तुटला तर तो डोळ्यांना दिसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून कायमची गेली. आजच्या वॅगन आरसारख्या गाडीचा पंखा विजेच्या मोटरवर चालतो आणि पाणी पुरेसे तापल्यावरच सुरू होतो. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो व इंजिनातले पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. त्याहून वर, बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० अंशांच्या आसपास, पंखा फिरू लागतो. थंड गाडीचा पंखा बंद दिसला म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही.

मग दोष पंख्याचा, हे ओळखायचे कसे? हायवेवर काटा जागेवर राहतो, पण सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये उभे राहिले की वर चढतो आणि गाडी पळू लागली की पुन्हा उतरतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीला समोरचा वारा पुरतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय दुसरा आधार नसतो. हायवेवरही काटा चढत असेल तर मात्र पाणी गळणे, थर्मोस्टॅट अडकणे, वॉटर पंप किंवा चोंदलेला रेडिएटर यांकडे पाहावे.

काटा लाल रेषेकडे गेला तर "आणखी एक भाडे मारून घेऊ" हा विचार मनातून काढून टाकावा. तापलेल्या इंजिनाचे हेड वाकते, गॅस्केट जाते, आणि मग पंख्याचे छोटे काम इंजिनाच्या मोठ्या कामावर जाऊन थांबते. एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून त्याचा पंखा जोरात सोडावा आणि बाजूला जागा मिळताच इंजिन बंद करावे. हीटर हासुद्धा एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. उन्हाळ्यात प्रवासी कुरकुर करतील, करू द्यावी.

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, हे आम्ही कितीदाही सांगू. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल झाले की दाब जातो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याची बादली ओतण्याची सवय तर सोडलेलीच बरी, त्याने धातूला तडा जातो.

आता तपासणी. आम्ही कारकुनी करणारे. स्वस्त बाब आधी तपासावी आणि महाग शेवटी, हा आमचा हिशोब इथेही लागू पडतो. गाडी थंड झाल्यावर प्रथम कूलंटची पातळी पाहावी. पाणी कमी असेल तर सेन्सर पाण्यात न राहता हवेत राहतो, त्याला खरी उष्णता कळत नाही आणि पंख्याला हुकूम जात नाही. अशा वेळी पंखा निर्दोष असतो, खरा दोष गळतीत असतो.

पाणी ठीक असेल तर इंजिन चालू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर हा पंखा फिरतो. तो फिरला तर मोटर ठीक आहे, मग सेन्सर किंवा त्याच्या तारा पाहाव्यात. फिरला नाही तर बॉनेटखालच्या फ्यूजच्या पेटीकडे वळावे. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा, याचा नकाशा असतो. फ्यूज जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी. नवा फ्यूजही लगेच गेला तर मोटर जाम आहे किंवा तार कुठेतरी शॉर्ट आहे.

त्यानंतर रिले. पेटीत हॉर्नचा वगैरे त्याच नंबरचा दुसरा रिले असला तर अदलाबदल करून पाहावी. पंखा फिरला तर नवा रिले घेतला की काम संपले. नाही फिरला तर पंख्याचा प्लग काढून फ्यूज लावलेल्या तारेने बॅटरीचे १२ व्होल्ट सरळ मोटरला द्यावेत. तरीही मोटर गप्प असेल तर ती गेली. टिचकी मारल्यावर फिरणारी मोटर ब्रश झिजल्याचे सांगत असते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. सरळ वीज दिल्यावर फिरली तर दोष तारेत, अर्थिंगमध्ये किंवा हिरव्या पडलेल्या, वितळलेल्या प्लगमध्ये. उंदीर बॉनेटखाली शिरून तारा कुरतडतात, तेही पाहावे.

जुन्या काही गाड्यांत दोन तारांचा थर्मोस्विच असतो. त्याचा प्लग काढून इग्निशन चालू ठेवावे आणि प्लगमधील दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडावीत. पंखा फिरला तर स्विच बाद. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाडीच्या सेन्सरवर हा प्रयोग करू नये. तेथे इंजिन चालू असताना सेन्सरचा नुसता प्लग काढला तरी बऱ्याच गाड्यांत पंखा आपोआप फिरू लागतो. हे सारे करताना हात आणि ओढणी, मफलर पात्यांपासून दूर असावे. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही अचानक सुरू होतो. लहान मुलांना बॉनेटजवळ उभे करू नये.

हे काम हाताने जमले नाही तरी बिघडत नाही. गॅरेजवाल्याशी काय बोलायचे ते तरी कळते. काही ठिकाणी फ्यूज न पाहताच "मोटर गेली" म्हणून सांगतात. काही जण पंखा "डायरेक्ट" करून देतात, म्हणजे तो किल्लीबरोबर सतत फिरत राहतो. घरी पोहोचण्यापुरते ते चालेल, पण कायमचे ठेवल्यास मोटर लवकर झिजते आणि मूळ दोष लपून राहतो. थर्मोस्टॅट काढून फेकणारेही आहेत. मग इंजिन हवे तसे गरम होत नाही आणि डिझेल, पेट्रोल वा सीएनजी जास्त जाते, त्याचा पैसा मालकाच्याच खिशातून. "आधी फ्यूज, रिले दाखवा, मग मोटर बोला" असे सांगावे. नवा भाग घातला तर जुना परत मागावा आणि पावतीवर भागाचे नाव लिहून घ्यावे.

काम झाल्यावर गॅरेजच्या दारातच एसी बंद ठेवून गाडी उभी चालू ठेवावी आणि काट्यावर नजर ठेवावी. पंखा आपसूक सुरू होऊन थांबला, पुन्हा सुरू होऊन पुन्हा थांबला, की पैसे द्यावेत.