मुलांची हस्तकला आणि आईबापांचे श्रम

बोरिवली असो वा मुलुंड, वर्षांतून एकदां तरी मुलांकडून आईवडिलांसाठीं एखादी वस्तु करवून घेण्याचा प्रघात आपल्या शाळांतून आतां चांगलाच रुळला आहे. शुभेच्छापत्र, कागदाचें फूल, रंगविलेली पणती अशा त्या वस्तु असतात. हेतु स्तुत्य आहे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु चाळीस मुलांनीं चाळीस सारखींच फुलें घरीं नेलीं, त्यांच्या वांकड्या कडा बाईंनीं स्वतः कात्रीनें नीट केल्या आणि सोबतचा मजकूर फळ्यावरून उतरून घेतला, तर त्यांत मुलाचें असें काय उरलें? शिवाय त्या फुलाचा घोटीव कागद आणावयास आदल्या रात्रीं नऊ वाजतां दुकानीं कोण धांवलें? आईच! जिचे उपकार स्मरावयाचे, तिच्याच पदरचा हा खर्च!

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारचा मातृदिन आपण अमेरिकेकडून घेतला. अ‍ॅना जार्विस या बाईंनीं दिवंगत आईच्या स्मरणार्थ १९०८ सालीं ग्रॅफ्टन गांवीं त्याचा पहिला सोहळा घडवून आणला. १९१४ मध्यें अध्यक्ष विल्सन यांनीं त्यास राष्ट्रीय मान्यता दिली. पुढें फुलवाले आणि शुभेच्छापत्रांचे व्यापारी यांनीं त्या दिवसाचा असा बाजार मांडला कीं, जार्विसबाई स्वतःच त्याविरुद्ध झगडूं लागल्या. छापील पत्र धाडणें हें त्या आळसाचें लक्षण मानीत. आपल्याकडे तर त्या रविवारीं बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुटी असते. मग वर्गांतील कामाला श्रावणांतील पिठोरी अमावास्या अधिक सोयीची नाहीं काय? महाराष्ट्रांत हाच दिवस मातृदिन म्हणून पाळला जातो. पूजेनंतर आई खीरपुरी खांद्यावरून मागें धरून 'अतीत कोण?' असें विचारते आणि पाठीशीं उभें असलेलें मूल आपलें नांव सांगून ती घेतें. घेतांना मुलाच्याही हातांत आईसाठीं कांहीं असावें, एवढीच भर शाळेनें घालावी. ज्या घरीं पिठोरी नाहीं, तेथें कोणताही शनिवार चालेल.

परंतु वस्तु करण्याआधीं पाहणें आलें. शेतकऱ्याचें मूल बापामागून नांगराच्या तासांतून चालतें. उपनगरांतील मुलाला आईबापांचे श्रम फारसे दिसत नाहींत. अंधेरीस किंवा घाटकोपरास सकाळची गाडी गांठणारा बाप पुष्कळदां मूल जागें होण्यापूर्वींच बाहेर पडतो. नोकरी करणारी आई पहांटे डबे भरते आणि मग स्वतः गाडी गांठते. म्हणून कात्री हातीं देण्यापूर्वीं शिक्षकांनीं मुलांना आठवडाभर कांहीं साधे प्रश्न द्यावेत. आई उठल्यावर पहिल्यानें काय हातांत घेते? बाबांची गाडी कितीची? घरांत सर्वांत शेवटीं कोण जेवतें? त्या उत्तरांतूनच वस्तु सुचते.

चित्र काढावयाचें तर गुरु जवळच आहेत. गोरेगांवच्या आरे वसाहतीच्या पाड्यांतून आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत आजही वारली कुटुंबें राहतात. गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें वारली माणूस काढतात, तो दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून व वर डोक्याचें वर्तुळ ठेवून. त्यास नाकडोळे नाहींत. तरी पाणी वाहणारी बाई आणि भात झोडणारा पुरुष चटकन ओळखूं येतात, कारण चित्र कामाचें असतें. या कलेसाठीं जिव्या सोमा मशे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. चेहरा साधत नाहीं म्हणून खट्टू होणाऱ्या मुलास ही रीत फार उपकारक आहे. पुठ्ठ्यावर गेरू फांसून पांढऱ्या रंगानें त्यानें आईचा दिवस काढावा: शेगडीपाशीं, नळापाशीं, फलाटावर. गर्दींतील शंभर त्रिकोणांत आई कोणती, हें मग मूल आपण होऊन दाखवितें; तिच्या खांद्याला पिशवी असते.

साहित्य विकत आणूं नये, हा नियमच करावा. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां शिंपले, खडे, पानें, बिया यांवरच भागविलें. आपल्या घरांत जुन्या चादरी असतात. त्यांची पिशवी शिवावी. जून भेंडी आडवी कापली कीं तिचा ठसा बहुधा पांच पाकळ्यांच्या फुलासारखा उठतो. मात्र ती आधीं फडक्यानें टिपावी, नाहीं तर चिकटपणामुळें रंग पसरतो. २०१८ सालच्या प्लॅस्टिकबंदीनंतर अशी पिशवी बाजारांत रोज हवीच असते. वरच्या इयत्तांना गोधडीचा धांवदोरा शिकवावा. सुती साडीचे पांचसहा पदर एकत्र शिवले कीं गरम पातेलें उतरण्याची चौकोनी घडी होते. कृत्रिम धाग्याचें कापड येथें नको. तें आंचेनें वितळतें.

आतां एक नाजूक गोष्ट. आई नसलेलें, बाप परगांवीं असलेलें अथवा आजीनें वाढविलेलें एखादें मूल बहुतेक वर्गांत असतें. 'आईसाठीं करा' असा हुकूम सुटला कीं तें पोट दुखल्याचें निमित्त काढतें, किंवा निमूटपणें इतरांसारखेंच फूल करतें आणि वाटेंत टाकून देतें. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण तो बाईंना कळतच नाहीं. 'तुमचा डबा भरतें कोण? तुमची वाट पाहतें कोण? त्या माणसासाठीं करा,' इतकें म्हटलें तरी पुरे. मग कोणी आजीचा चष्मा ठेवावयास घर शिवील, कोणी पाळणाघरांतील मावशींना पिशवी देईल. त्या मुलाला वर्गापुढें उभें करून त्याचें कौतुक मात्र करूं नये.

घरच्यांना एवढीच विनंती कीं, वांकडा टांका उसवून पुन्हा घालूं नये, आणि वस्तु कपाटांत न ठेवतां वापरावी. बाबांच्या रेल्वेच्या पासासाठीं पाकीट शिवलें असेल तर पास त्यांत दुसऱ्याच दिवशीं जावा. ज्यांचा पास मोबाईलमध्यें गेला, त्यांनीं त्यांत घराची किल्ली ठेवावी. अशा पाकिटाच्या आंतल्या बाजूस मुलाला आपल्या हातानें बाबांच्या गाडीची वेळ लिहूं द्यावी, सकाळची आणि परतीची दोन्ही.